कारखाना आल्याचं कळतं, गेल्याचं कोण सांगणार?

जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने दावोसला केलेल्या सामंजस्य करारांची बेरीज १५ लाख ७० हजार कोटी रुपये होती. त्याआधी फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ ही गुंतवणूकदारांची परिषद भरली, तेव्हाचा आकडा १२ लाख कोटींच्या वर गेला होता. हे आकडे कुणालाही सापडतात, कारण सरकार ते स्वतः पुढे येऊन सांगतं. पण या सात वर्षांत सातारा जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतींमधून किती लोकांचं काम गेलं, हे शोधायला बसलात तर एका जागी लिहिलेलं काही हाती लागत नाही. नव्या उद्योगांची नोंद जिल्हा उद्योग केंद्राकडे, भूखंडांची एमआयडीसीकडे, कामगारांच्या तक्रारी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आणि पीएफची खाती भविष्य निर्वाह निधी कार्यालयात. प्रत्येक टेबलावर एकेक कागद आहे. ते कागद शेजारी शेजारी ठेवून वजाबाकी करण्याचं काम मात्र कुणाकडेच दिलेलं नाही.

ही वजाबाकी सरकारने करावी आणि ती लोकांसमोर मांडावी, असं माझं म्हणणं आहे. रोजगाराचं नाव घेऊन उद्योजकाला जमीन, वीज, मुद्रांक शुल्क आणि करात सवलत दिली जाते. मग त्या सवलतीचा हिशेबही रोजगारातच मागितला पाहिजे. गुंतवणुकीच्या कोटींमध्ये नव्हे, तर किती माणसांना, किती महिने, किती पगारावर काम मिळालं यात. दरवर्षी आणि तालुकावार. असा हिशेब नसेल तर नव्या कारखान्याच्या प्रत्येक भूमिपूजनाला आपण टाळ्या वाजवू आणि शेजारच्या प्लॉटवरचं टाळं आपल्याला दिसणारही नाही.

उद्योजक यावा म्हणून सत्तेने हात पुढे करणं आपल्या भागाला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. त्यातून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात मोडते, पण तेव्हा सगळा मुलूख एकच होता. कराडजवळ १९१६ मध्ये ओगल्यांचा काच कारखाना सुरू झाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी लागला. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी लोखंडी नांगरांचा कारखाना चालवला. १९३७ साली मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले ते हेच कूपर. कर्मवीर भाऊराव पाटील ओगले आणि किर्लोस्करांचा माल विकत गावोगाव फिरले, हेही जुन्या लोकांना ठाऊक आहे.

यातली किर्लोस्करवाडी टिकली. नांगरांच्या पुढे जाऊन तिथे पंप तयार होऊ लागले, माल बदलला आणि कामगार त्याच गावात राहिला. कंदिलाचे दिवस मात्र सरले. काच कारखाना बंद पडला आणि ओगलेवाडी हे स्टेशनाजवळचं गावाचं नाव तेवढं मागे राहिलं. संस्थानिकाने जमीन देणं आणि कर्ज देणं ही सुरुवात झाली. पुढे कारखाना उभा राहतो की बसतो हे ठरतं ते बाजार बदलल्यावर त्या गावात दुसरा माल बनवण्याची ताकद आहे का, यावर. सरकारी धोरणात या दुसऱ्या भागाला आजही फारशी जागा नाही.

साताऱ्यातली सर्वांत बोलकी गोष्ट महाराष्ट्र स्कूटर्सची आहे आणि ती नीट सांगायला हवी, कारण नव्या पिढीला ती जवळपास माहीतच नाही. १९७५ मध्ये राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून ही कंपनी काढली. तो परवान्यांचा काळ होता. स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. साताऱ्याच्या कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होऊ लागली आणि या शहराला पहिल्यांदा आधुनिक कारखान्याची शिस्त कळली. सकाळच्या शिफ्टची बस, कॅन्टीन, पास, बोनस, पतपेढी. कंपनीत नोकरीला असलेल्या मुलासाठी स्थळं चालून येत. सदर बझार ते गोडोलीपर्यंत कितीतरी घरं या पगारावर बांधली गेली. वसाहतीत लहान लहान वर्कशॉप उभी राहिली ती या आणि अशाच मोठ्या कारखान्यांचं जॉबवर्क घेऊन.

पुढे लोकांनी स्कूटर सोडून मोटारसायकल धरली. त्यात साताऱ्यातल्या कामगाराचा काही दोष नव्हता आणि कंपनीवर राग धरण्यातही अर्थ नाही. बाजार फिरला की कोणताही कारखाना अडचणीत येतो. २००६ मध्ये इथलं स्कूटरचं उत्पादन थांबलं. कंपनी मात्र संपली नाही. डाय, जिग, फिक्स्चर (सुटे भाग घडवायचे साचे आणि पकडी) आणि डायकास्टिंगचं थोडं काम इथे होत राहिलं. कंपनीच्या नावावर बजाज समूहाचे जे शेअर होते त्यांची किंमत वाढत वाढत इतकी झाली की ती मुख्यतः गुंतवणूक सांभाळणारी कंपनी म्हणून शेअर बाजारात ओळखली जाऊ लागली.

आता सरकारचं काय झालं ते पाहा. महामंडळाकडे या कंपनीचे २७ टक्के शेअर होते. ते बजाजला विकायचे ठरलं आणि भावावरून वाद झाला. २००६ मध्ये लवादाने शेअरला १५१ रुपये ६३ पैसे हा दर ठरवून दिला. त्याविरुद्धचा खटला चालत राहिला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच दर कायम केला. तोवर बाजारात त्या शेअरचा भाव हजारांत गेला होता. लवादाने आणि न्यायालयाने करारात जे लिहिलं होतं त्याप्रमाणे निकाल दिला, त्याबद्दल तक्रार नाही. मला बोचतं ते वेगळंच. तेरा वर्षं भांडण चाललं ते शेअरच्या दराचं. ज्या कारणासाठी लोकांचा पैसा या कंपनीत घातला, ते कारण म्हणजे साताऱ्यातला रोजगार, त्या भांडणात कुठेच नव्हतं. सरकार भागीदार होतं तेव्हासुद्धा उत्पादन थांबलं तर या जागेत, या यंत्रांवर, या माणसांना घेऊन पुढे काय करायचं याची योजना सरकारने लोकांपुढे ठेवली नाही. विक्रीचे पैसे महामंडळाला मिळाले. साताऱ्याच्या वाट्याला त्यातून काय आलं, हे विचारायची जागाच नव्हती.

इतकी मोठी कंपनी, त्यात सरकारचा चौथ्या हिश्शाहून जास्त वाटा, आणि तरी हे असं. मग ज्या चाळीस-पन्नास माणसांच्या युनिटमध्ये सरकारचा एक रुपयाही नाही, ते बंद पडलं तर कोणाला कळणार?

लहान कारखाना एका दिवसात बंद होत नाही. आधी तिसरी शिफ्ट जाते. मग ओव्हरटाइम जातो, आणि ज्याचा घराचा हप्ता ओव्हरटाइमवर चालला होता त्याची झोप जाते. पगार सातच्या ऐवजी पंधरा तारखेला होतो. कच्चा माल आठवड्याचा येण्याऐवजी दोन दिवसांचा येऊ लागतो. चांगले सीएनसी ऑपरेटर हळूच शिरवळला किंवा पुण्याला निघून जातात. पीएफ पगारातून कापला जातो पण भरला जात नाही, आणि हे कळतं ते कुणाच्या तरी मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेल्यावर. माझ्या ओळखीच्या एका फिटरच्या बाबतीत हेच झालं. एकवीस वर्षं एकाच शॉपमध्ये नोकरी, शेवटच्या चौदा महिन्यांचा भरणाच नाही. एक दिवस गेटवर कागद लागला की ऑर्डर नसल्याने काम तात्पुरतं बंद. ते तात्पुरतं तिथेच राहिलं. मालकही वाईट माणूस नव्हता; त्याचं पुण्याच्या बड्या कंपनीकडचं बिल थकलं होतं आणि बँकेचा तगादा लागला होता. आज तो फिटर दिवसा एका सोसायटीच्या गेटवर बसतो. मायक्रोमीटर हातात घेतल्याबरोबर जॉब किती घासायचा राहिलाय हे सांगणारा माणूस येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहितो. सरकारच्या कुठल्याही आकडेवारीत त्याचा रोजगार गेला असं दिसणार नाही, कारण त्याला काम आहेच.

या सगळ्या खुणा सरकारला आधी दिसू शकतात, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. कारखान्याने महावितरणकडचा मंजूर वीजभार कमी करून घेतला की ती नोंद होते. पीएफचं चलन दर महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचं असतं आणि भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की कोणत्या महिन्यात किती कामगारांचा भरणा झाला हे कुणालाही पाहता येतं. पन्नास किंवा अधिक कामगारांचा उद्योग बंद करायचा तर साठ दिवस आधी सरकारला नोटीस द्यावी लागते. शंभर किंवा अधिक कामगार असले तर जुन्या कायद्यात परवानगीच घ्यावी लागे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती मर्यादा ३०० वर नेली. आपल्या जिल्ह्यातली लहान-मध्यम युनिट पाहता परवानगीचं कलम आता फार थोड्यांना लागू होईल. म्हणूनच उरलेल्या नोंदींना महत्त्व आलं आहे. एखाद्या युनिटचा भार निम्मा झाला, तीन महिने पीएफ थकला, तर जिल्हा उद्योग केंद्राचा माणूस त्याच्या दारात जायला हवा. वसुलीला नाही, अडचण विचारायला. थकलेलं बिल लघुउद्योजकांसाठीच्या परिषदेकडे नेता येतं, बँकेशी बोलता येतं, दुसऱ्या कारखान्याचं काम मिळवून देता येतं. बुडणाऱ्या युनिटमधल्या चाळीस नोकऱ्या वाचवायला जो खर्च येईल तो चाळीस नव्या नोकऱ्या आणण्याच्या खर्चापेक्षा कमीच असेल, यात मला शंका नाही.

नव्या नोकऱ्या आणण्याची सरकारची पद्धत साधारण अशी आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना आली. ती योजना सुधारत सुधारत २०१९ पर्यंत आली आहे. मागासलेपणाप्रमाणे तालुक्यांचे गट पाडलेले आहेत. जितका तालुका मागे तितकी सवलत जास्त. कल्पना मुळात चांगली आहे. विशाल (मेगा) प्रकल्पाचा दर्जा मिळवण्यासाठी मात्र ठरावीक गुंतवणूक किंवा ठरावीक रोजगार, यांपैकी एक अट पुरी केली तरी चालत आलं आहे. म्हणजे पैसा भरपूर आणि माणसं थोडी, असा संपूर्ण यंत्रांवर चालणारा प्रकल्पही सगळ्या सवलती घेऊ शकतो. तो येऊ नये असं मी म्हणत नाही. पण ‘रोजगारासाठी’ म्हणून शेतकऱ्याची जमीन घेतली असेल तर त्याला उत्तर द्यावं लागतं. खंडाळा तालुक्यात एमआयडीसीच्या तिसऱ्या टप्प्याच्या भूसंपादनाला शेतकऱ्यांनी इतकी वर्षं विरोध केला तो विकासाच्या द्वेषाने केला नाही. पहिल्या टप्प्यांत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरातली मुलं कोणत्या गेटमधून आत गेली आणि किती दिवस आत राहिली, हे ते रोज पाहत होते.

शिरवळ-खंडाळ्यात एशियन पेंट्सचा मोठा कारखाना आहे, गोदरेज आहे; फलटणला कमिन्सने मोठी वसाहत उभारली. या गुंतवणुकी खऱ्या आहेत, त्यातून अनेक घरं उभी राहिली आहेत. महामार्गावरून पुण्याकडे जाताना खंबाटकी उतरलं की दोन्ही बाजूंना जे दिसतं ते वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नव्हतं. पण या पट्ट्याकडे बघून सगळ्या जिल्ह्याचं मोजमाप करता येत नाही. पाटण, जावळी, माण, खटाव हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या माणसं बाहेर पाठवत आले. पाटण-जावळीची माणसं मुंबईच्या गोदीत आणि मसाला बाजारात ओझी उचलायला गेली. १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्या लढ्यातून आला ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. गिरण्यांत गेलेली माणसं १९८२ च्या संपानंतर गावी परतली, ती गावावर पोट भरेना म्हणून पुन्हा गेली. माण-खटावची पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पांगली. कोयनेची १,९६० मेगावॉट वीज राज्याला उजेड देते आणि त्या खोऱ्यातला तरुण घणसोलीत भाड्याच्या खोलीत राहतो. बेंगळुरू-मुंबई औद्योगिक पट्ट्यातली वसाहत म्हसवडला न्यायची की कोरेगावच्या उत्तरेला, यावर जिल्ह्यात झालेली ओढाताण आपण पाहिली. ती ओढाताण कोणाच्या मतदारसंघात, या प्रश्नावर झाली. माणच्या मुलांना तिथे कोणतं काम मिळेल आणि त्यासाठी आजपासून काय शिकवायचं, यावर एक सभाही ऐकिवात नाही.

स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्याव्यात असा शासन निर्णय आहे. १७ नोव्हेंबर २००८ चा निर्णय सांगतो की सवलती घेणाऱ्या उद्योगात पर्यवेक्षक श्रेणीत ५० टक्के आणि इतर श्रेणीत ८० टक्के स्थानिक असावेत. त्यात स्थानिक म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहणारा. नागपूरचा माणूस खंडाळ्यात स्थानिक ठरतो. त्यालाही माझा विरोध नाही. मुख्य अडचण पुढेच आहे. ही टक्केवारी कंपनीच्या स्वतःच्या हजेरीपटावर मोजायची की ठेकेदाराच्या? आज गेटमधून आत जाणाऱ्यांपैकी मोठा भाग ठेकेदाराचा असतो. मुलगा आयटीआय करून येतो, ठेकेदाराच्या नावाने चिठ्ठी निघते, सात महिन्यांनी त्याला ‘ब्रेक’ मिळतो, कारण वर्षात २४० दिवस भरले तर कायद्याने त्याला काही हक्क लागतात. महिन्याभराने तोच मुलगा, त्याच मशीनवर, दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने उभा राहतो. काही ठिकाणी त्याला कामगार न म्हणता प्रशिक्षणार्थी म्हणतात. पगाराऐवजी विद्यावेतन, पीएफ नाही. सहा वर्षं असं काम केल्यावर त्याच्या हातात अनुभवाचं एकही धड पत्र नसतं. रोजगार निर्माण झाला म्हणून सरकारच्या कागदावर तो एकदा मोजला गेला असेल, कदाचित चारदा.

इथे आपल्याच माणसांबद्दल बोलणं भाग आहे. हा लेबरचा ठेका कोणाकडे असतो? भंगाराचा ठेका, बसचा ठेका, कॅन्टीनचा ठेका कोणाकडे असतो? जिल्ह्यातल्या कोणत्याही वसाहतीत जाऊन विचारा, नावं गावातलीच असतात आणि बहुतेक नावांच्या मागे कुठला तरी पक्ष असतो. भूमिपुत्रांच्या नावाने गेटवर आंदोलन होतं, चार दिवसांनी ठेका मिळतो, आंदोलन मिटतं आणि भूमिपुत्र ठेकेदाराकडे साडेबारा तासांच्या पाळीला लागतो. ज्यांनी कंपनीला जाब विचारायचा तेच कंपनीचे पुरवठादार झाल्यावर जाब कोण विचारणार? नवे उद्योग इथे यायला कचरतात याचंही हे एक मोठं कारण आहे. उद्योजक रस्त्यांच्या खड्ड्यांबद्दल उघड बोलतात, या दहशतीबद्दल खासगीत बोलतात. गुजरातला प्रकल्प गेला की आपण दिल्लीवर रागावतो. २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉन गेला, टाटा-एअरबस गेला, तेव्हा राज्यभर राग उसळला आणि त्या रागात तथ्यही होतं. पण वसाहतीतल्या गेटवर जे चालतं त्यावर कुणी मोर्चा काढत नाही.

यावर कारखानदारांचं उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे. ते म्हणतात, ऑर्डर आज आहे, उद्या नाही. परमनंट माणूस घेऊन मंदीत काय करायचं? मोठी कंपनी दरवर्षी भाव पाडून मागते. शिवाय मुलं फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतण्याच्या कारखान्यात, टिकत नाहीत, दोन दिवस येतात, तिसऱ्या दिवशी फोन बंद. पहाटे शाहू स्टेडियमवर पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं शेकड्यांनी, आणि आमच्या मोल्डिंग शॉपला ओडिशा-बिहारचे कामगार आणावे लागतात. हे सगळं खरं आहे. पण पोरं का टिकत नाहीत, याचा विचार त्यांनीही करावा. भट्टीजवळ बारा तास उभं राहून महिन्याअखेर जे मिळतं त्यात साताऱ्यात घर चालत नाही, आणि दहा वर्षांनीही आपण ठेकेदाराचेच राहणार हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळतं. पोलीस भरतीत हजारात एखाद्याची निवड होते, तरी तो धावतो, कारण त्या नोकरीला उद्या आहे.

सरकारनेही हाच तात्पुरतेपणा उचलला, याचं जास्त वाईट वाटतं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार रुपये महिना, सरकारच्या खात्यातून. मुदत सहा महिने, ओरड झाल्यावर अकरा. मुदत संपली आणि ती मुलं आंदोलनाला बसली. तेवढाच पैसा अशा उद्योगांना दिला असता जे त्या मुलाला दोन वर्षं शिकवून तिसऱ्या वर्षी स्वतःच्या हजेरीपटावर घेतील, तर काही हजार घरं तरी मार्गी लागली असती.

सगळ्यात निकडीची गोष्ट पुढे उभी आहे आणि तिच्याबद्दल मला खरी भीती वाटते. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या फाउंड्री आणि मशीन शॉप यांचं पोट मोठ्या प्रमाणात वाहनांच्या इंजिनावर आहे. सिलिंडर लायनर, पिस्टन, क्रँकशाफ्ट, सिलिंडर हेड, गिअर. विजेवर चालणाऱ्या गाडीला यातल्या बहुतेक वस्तू लागत नाहीत. दुचाकी आणि तीनचाकीत हा बदल सुरू झालेलाच आहे. ट्रॅक्टर आणि जड वाहनांना वेळ लागेल, म्हणून आपल्याकडच्या शॉपना काही वर्षं मिळतील. पण कंदिलाकडून विजेच्या दिव्याकडे जग गेलं तेव्हा ओगलेवाडीला जे झालं ते पुन्हा होऊ द्यायचं नसेल तर ही काही वर्षंच हातात आहेत. या शॉपमधली माणसं लोखंड ओतायला आणि शतांश मिलिमीटरमध्ये कापायला जाणतात. पंप, शेती अवजारं, संरक्षण साहित्य, रेल्वेचे सुटे भाग, विजेच्या मोटारींची आवरणं, हे सगळं त्यांना जमण्यासारखं आहे. त्यांना हवी आहे चाचणीची प्रयोगशाळा, नमुना तयार करायला पैसा, आणि पहिली ऑर्डर. कराडला १९६० पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्या महाविद्यालयाने जिल्ह्यातल्या शॉप फ्लोअरचे प्रश्न विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत घेतले तर सरकारला वेगळी संस्थाही काढावी लागणार नाही. दावोसच्या एका करारावर जेवढी धावपळ होते तिचा दहावा भाग या शंभर-दोनशे शॉपसाठी झाला तरी पुष्कळ.

भूखंडांचंही पाहायला हवं. एमआयडीसी ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन देते, ठरावीक मुदतीत बांधकाम करण्याची अट असते, आणि तरी प्रत्येक वसाहतीत कुंपण घालून ठेवलेले रिकामे प्लॉट असतात. कारखाना बंद पडला की प्लॉट वर्षानुवर्षं खटल्यात अडकतो, किंवा हस्तांतराचं शुल्क भरून दुसऱ्याच्या नावावर होतो आणि तिथे गोदाम उभं राहतं. पन्नास कामगारांच्या जागी दोन वॉचमन आणि एक फोर्कलिफ्ट. ही जमीन कधी काळी कुणाच्या तरी ज्वारीची होती. ती पडेल भावात घेतली ती कारखान्यासाठी. उत्पादन बंद पडून तीन वर्षं झाली तर भूखंड परत घ्यावा, आधी कामगारांची थकबाकी चुकवावी आणि मग तो उत्पादन करणाऱ्यालाच द्यावा. दिवाळखोरी कायद्यात कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या देण्यांना तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीने स्थान आहे, पीएफ आणि ग्रॅच्युइटी तर लिलावाच्या मालमत्तेतच धरायची नाही असं लिहिलं आहे. पण ते मिळवायला कामगाराला मुंबईच्या न्यायाधिकरणापर्यंत जावं लागतं आणि तो फिटर तिथवर जात नाही. त्याच्या वतीने दावा दाखल करायला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात एक माणूस नेमणं काही अशक्य नाही.

अशा अटी घातल्या तर उद्योग दुसऱ्या राज्यात जातील, असं म्हणणारे आहेत. जो उद्योजक खरंच माणसं कामाला लावणार आहे त्याला या हिशेबाची भीती वाटायचं कारण नाही. त्याचा पीएफचा भरणा तसाही दर महिन्याला दिसतोच. उलट अनुदान पगाराच्या महिन्यांवर बांधलं तर जास्त माणसं, जास्त काळ, स्वतःच्या हजेरीपटावर ठेवणाऱ्याला आजच्यापेक्षा जास्त पैसे मिळतील. ठेकेदाराच्या माणसाला निम्मे गुण द्या, बारा महिने टिकलेल्याला पूर्ण, पाच वर्षं टिकलेल्याला त्याहून जास्त. ज्याला फक्त जमीन हवी आहे तो जाईल. त्याला जाऊ द्यावं.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी मुंबईकडे बघायचीही गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समितीची बैठक होते. तिथे रस्त्यावरचे दिवे, पाण्याचा दाब, अतिक्रमण, वीजपुरवठा हे विषय निघतात, आणि ते निघायलाच हवेत. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणखी दोन विषय घ्यावेत: गेल्या तिमाहीत पीएफचा भरणा थांबलेल्या आणि वीजभार कमी केलेल्या युनिटची तालुकावार यादी, आणि सवलत घेणाऱ्या प्रत्येक उद्योगाच्या स्वतःच्या व ठेकेदाराच्या हजेरीपटावरची माणसं. टेबलाभोवती कामगारांच्या दोन प्रतिनिधींना खुर्ची द्यावी. यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावी आणि पालकमंत्र्यांनी ती जिल्हा नियोजन समितीत वाचून दाखवावी. पहिल्या वर्षी आकडे वाईट येतील, काही जण नाराज होतील, काही ठेकेदारांचे फोन जातील. दुसऱ्या वर्षी निदान एवढं तरी सांगता येईल की कोरेगावात आले किती, गेले किती, आणि गेले ते कुठे गेले.